बाळंतपण बेटाबाहेरचं

वॉशिंग मशीनने धुणं संपल्याचं गाणं वाजवलं आणि कॉलवरची शांतता मोडली. स्क्रीनवरचे सगळे चेहरे एकदम वर झाले. नॉटिंगहॅमच्या घरात कस्तुरीचा माइक चालूच राहिला होता.

“हे संगीत नॉटिंगहॅमचं दिसतंय,” एडिनबराहून सर अ‍ॅलिस्टर म्हणाले. वाटाघाटींचे अध्यक्ष ते, कस्तुरी त्यांची कायदा सल्लागार. “काही म्हणायचंय का, कस्तुरी?”

म्हणायचं तर होतं. सेंट ओरा बेट ब्रिटनकडे राहणार की स्वतंत्र होणार, हे बेटकऱ्यांनी मतदानाने ठरवावं, इथवर सगळे कसेबसे आले होते. मत कुणाला, तर ‘बेटावर जन्मलेल्यांना’. स्वतंत्र व्हायचं म्हणणाऱ्या डोरीनबाई आणि ब्रिटन सोडायचं नाही म्हणणारे क्लाइव्ह, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे, पण या कलमावर दोघांनी मान डोलवली होती. आज एकमत झालं नाही, तर लंडनचे मंत्री अंग काढून घेणार होते. अशा वेळी माशी आपणच शिंकायची?

पण मनात पाल चुकचुकत होतीच.

“डोरीनबाई, तुमची मुलगी कुठे जन्मली?”

“इथेच की!”

“म्हणजे बाळंतपण कुठे झालं?”

“ते होय! ते केपटाउनला. इथे ऑपरेशन थिएटर कुठंय? दिवस भरत आले की बायकांना बोटीत बसवून देतात. बोट बाळाला घेऊन परत आली की बंदरावर घंटा. तोच आमच्याकडे बाळाचा वाढदिवस.” डोरीनबाई थांबल्या. “अगंबाई.”

“पासपोर्टवर केपटाउनच असणार ना? कलम असंच राहिलं, तर तरुणांपैकी कुणालाच मत नाही.”

“म्हणजे घरी सुईणीच्या हातून जन्मलेले आम्ही म्हातारेच मत देणार?” क्लाइव्ह खुलले. “म्हातारे तर बहुतेक ब्रिटनवाले. मग आम्हीच जिंकतो की!”

“लाज धर जरा. तुझी नातसुद्धा केपटाउनचीच आहे.”

क्लाइव्हचं हसू मावळलं.

“नवं कलम म्हणजे नवी फेरी,” लंडनच्या मंत्र्यांचे वकील म्हणाले. “माझ्या हातात आज फक्त या कलमाला होकार देणं आहे.”

सर अ‍ॅलिस्टरनी चष्मा काढला. सगळं इथेच बारगळणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कस्तुरीला मात्र नागपूरची, आईच्या घरातली खोली आठवली. शेकशेगडीचा वास, डिंकाचे लाडू, कुशीतली एवढीशी अन्वी.

“नवं नको,” ती म्हणाली. “आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मी मुलीच्या वेळी नागपूरला गेले होते. म्हणून माझं नॉटिंगहॅमचं घर काही सुटलं नाही. आई ज्या घरातून निघाली, ते बाळाचं घर. कलम तसंच ठेवा, खाली फक्त खुलासा जोडा: बाळंतपणापुरती बाहेर गेलेल्या बेटकरीण आईचं मूल बेटावरच जन्मलं, असं मानावं. खुलासा जोडायचा अधिकार तुम्हाला आहे.”

तिने ते वाक्य चॅटमध्ये टाकलं. वकिलांनी वाचलं. पुन्हा वाचलं. “खुलासा चालेल,” ते म्हणाले. “लंडनला मान्य.”

“मान्य!” डोरीनबाई ओरडल्या.

“घंटा वाजवा रे कुणीतरी!” क्लाइव्ह म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. सर अ‍ॅलिस्टर, ज्यांना कुणी कधी हसताना पाहिलं नव्हतं, ते चक्क टाळ्या वाजवत होते.

लॅपटॉप मिटून कस्तुरीने जिन्याशी बसलेल्या अन्वीला उचललं आणि स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

“आई, तू जिंकलास?” अन्वीने तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत विचारलं.

“जिंकले गं राणी! आता तिथल्या सगळ्या ताई-दादांना मत मिळणार.”

“मग कोण विन होणार?”

“ते मतं मोजली की कळेल.”

अन्वीने तिच्या गळ्यात हात टाकले आणि जरा विचार केला.

“आणि जे हरेल, ते लोक पण तिथेच राहायचं?”