फौजेतला मिस्त्री

लढाई संपल्यावर गुणवंतराव चामोर्शीला परतला, तेव्हा त्यानं सगळ्यांना सांगितलं की फौजेत तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. खरं म्हणजे तो लंगरात, फौजेच्या स्वयंपाकघरात, रोट्या भाजायचा. पण पुढं त्यानं सरकारी लिलावातली जुनी मोटारसायकल आणली, आणि मग त्या थापेबद्दल कुणालाच शंका राहिली नाही.

एकदा भर उन्हाळ्यात इंजिन टकटक वाजू लागलं. शेजारचा देवाजी म्हणाला, "काय राजेहो, बाजारात लोक हासून राह्यले. तुमी तं मिस्त्री आहा!"

चांद्याला गाडी न्यावी, तर तिथल्या मिस्त्र्याच्या एका प्रश्नात सगळं उघडं पडलं असतं. म्हणून गुणवंतरावानं अंगणातच पाने-पक्कड मांडले. चारसहा जण बघायला बसले. बाजूचं झाकण काढल्यावर वाल्वच्या दांडीखाली त्याला बारीक फट दिसली. ती झिजेची असणार, तीच वाजत असणार, असं त्याला वाटलं. त्यानं स्क्रू पिळून फट पुरती बंद केली. किक मारली. इंजिन गुपचूप चालू लागलं.

"फौजेचा हात हाय बाप्पा!" देवाजी म्हणाला. गुणवंतरावानं हात पुसत मान हलवली.

दुपारी दसरू आला. जंगलातल्या पाड्यावरचा हा माणूस दरसाल त्याच्याकडे मोहफुलं आणून द्यायचा. आज नुसती बैलगाडी घेऊन आला होता.

"भाऊ, माह्या घरवालीले, रुखमाले, कालपासून कळा येऊन राह्यल्या. दाई म्हणते, पोरगं आडवं हाय. नर्सबाईले न्याले आलो."

"बैलगाडीनं कधी पोचशीन? मी नेतो बाईले. तू ये मागून सावकाश."

दसरूनं हात जोडले. गावातल्या नर्स नीलाबाई पेटी मांडीवर घेऊन मोटारसायकलवर मागं बसल्या.

निम्म्या वाटेवर, सागाच्या रानात, इंजिन खोकलं, मंदावलं आणि बंद पडलं. किक पायाखाली पोकळ गेली. इंजिन तापलं होतं, फट न उरल्यानं वाल्व फुगून उघडाच राहत होता, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. एवढं मात्र कळलं, की सकाळी हात लावला तो आपणच.

"काय झालं?" नीलाबाईंनी विचारलं.

"पेट्रोलमध्ये कचरा आला असंन."

तो पेट्रोलची नळी काढत राहिला, फुंकत राहिला. नीलाबाई रस्त्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही तर फौजेत मिस्त्री होता ना?"

त्यानं नळी पुन्हा फुंकली.

दसरूची गाडी आली ती रमतगमत. नर्स पुढं गेली म्हणून त्यानं बैलांना पळवलं नव्हतं. रस्त्यात बाई उभी दिसताच त्यानं तिला गाडीत घेतलं आणि आता बैलांना झोडपत सुटला. गुणवंतराव मागं धुळीत पळत गेला.

झोपडीतून नीलाबाई बाहेर आल्या तेव्हा ऊन कललं होतं. रुखमा वाचली होती. मूल गेलं होतं.

"आधी पोचलो असतो तं?" गुणवंतरावानं हळूच विचारलं.

हात धूत त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

दसरूनं त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणला. "भाऊ, तुमी पळत आले. बसा."

ते पाणी त्याला घेववेना.

"दसरू, मी मिस्त्री नव्हतो. लंगरात रोट्या भाजत होतो. इंजिन मीच बिघडवलं."

दसरूनं पुढं केलेला तांब्या मागं घेतला.

"मंग मले सावकाश ये काऊन म्हणलं?"

दसरू तांब्या तिथंच ठेवून आत गेला.

दुसऱ्या दिवशी गुणवंतरावानं गाडी ढकलत गावात आणली. देवाजी दारातच होता. "काय बिघडलं भाऊ? काढा पाने!"

"मले येत नाई," गुणवंतराव म्हणाला. देवाजी हसला, त्याला गंमत वाटली. म्हणून गुणवंतराव थांबला आणि लंगरापासून सगळं सांगू लागला. लोक गोळा झाले, तरी तो थांबला नाही.