तिसऱ्या बांधावरचा ट्रायपॉड

मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रागावलेला आहे. कॅमेरा हलू नये म्हणून ज्याच्या डोक्यावर तो बसवतात, तो तीन पायांचा स्टँड म्हणजे मी. मला एकच काम येते, न हलता उभे राहण्याचे. तेही एका शहाण्या माणसाने मला धड करू दिले नाही.

एका सुताराने मला जमीन मोजणाऱ्यांसाठी घडवले. घट्ट लाकडाचे पाय, पितळी स्क्रू आणि खाली जमिनीत रुतणारी लोखंडी टोके. वीस वर्षे मी मोजणीची दुर्बीण डोक्यावर घेऊन उन्हात उभा राहिलो. मग हलकी यंत्रे आली आणि "हे धूड कोण वाहणार?" म्हणत त्यांनी मला भंगारात काढले. तिथे एका मोडक्या पंख्याखालून चष्मेवाल्या बाईंनी मला ओढून बाहेर काढले, तिन्ही पाय ताणून पाहिले आणि म्हणाल्या, "हा चिखलात टिकेल."

बाईंचे चष्म्याचे दुकान होते. आठवड्याचे सहा दिवस त्या लोकांकडून अक्षरांच्या ओळी वाचून घेत. सोमवारी दुकान बंद. हिवाळ्यातल्या सोमवारी त्या कॅमेरा घेऊन समुद्राकडे निघत, कारण त्या दिवसांत थंड मुलखातून हजारो मैल उडून लांब पायांचे पक्षी किनाऱ्यावर येत. शेकाटे, पाणटिवळे, चिखले, वाकड्या चोचीचे कोरल. त्यांच्या थोरल्या जाऊबाई म्हणत, "लोक सुट्टीला देवळात जातात, आमची ही चिखलात जाते." बाई हसत आणि गमबूट चढवत. लेथवाल्याकडून त्यांनी माझ्या डोक्यावर कॅमेऱ्यासाठी नवी चकती बसवून घेतली. मला पुन्हा कोणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखे वाटले.

पण चांगली जागा काही सहज सापडली नाही. पहिल्या हिवाळ्यात आम्ही ओहोटीच्या वेळी रुंद किनाऱ्यावर गेलो. पक्षी अर्धा मैल दूर, फोटोत मोहरीएवढे. दुसऱ्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी गेलो. तिथे ऊन समोरून येई, सगळे पक्षी काळे दिसत आणि बाई एकदा गुडघ्यापर्यंत रुतल्या. मलाच धरून बाहेर आल्या. तिसऱ्या हिवाळ्यात जवळच्या मिठागराच्या मुकादमाने त्यांना हटकले.

"सारख्या पक्ष्यांच्या मागे पळता बाई, त्यापेक्षा पाण्याचा हिशोब बघा ना. भरती चढली की चिखल बुडतो. मग ते उभे राहणार कुठे? आमच्या तिसऱ्या बांधावर."

बाईंनी भरतीचे वेळापत्रक आणले. मोठी भरती सकाळी हवी, सूर्य पाठीशी हवा आणि वार सोमवार हवा. असे दिवस अख्ख्या हिवाळ्यात पाचच निघाले. त्यातल्या पहिल्या दिवशी आम्ही भरतीच्या दोन तास आधी जाऊन बांधाच्या टोकाला खाली बसलो. माझे पाय बाईंनी जमिनीपर्यंत पसरले, वर मळकट चादर टाकली. पाणी चढत गेले आणि पक्षी आपण होऊन आमच्याकडे आले. चारशेच्या वर असतील. एका पायावर उभे राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून ते झोपले. बाईंनी श्वास रोखून फोटो काढले. पाणी उतरले, पक्षी चरायला निघून गेले, तेव्हाच आम्ही उठलो. इतके सुख मला कधी मिळाले नव्हते.

फोटोंचे कौतुक झाले. अर्थात कॅमेऱ्याचे आणि लेन्सचे. ट्रायपॉडचे कौतुक कोण करतो? त्याचा मला राग नाही. राग पुढे आहे.

शहरातल्या फोटो क्लबचे सर बाईंकडे आले. बाईंना कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवले होते. "जागा सांगा ना. आपल्या क्लबपुरतीच राहील," ते म्हणाले. गुरूला नाही कसे म्हणायचे? बाईंनी सांगितले.

पुढच्या मोठ्या भरतीला मिठागरावर अकरा गाड्या आल्या. माणसे बांधावर उभी, मोठमोठ्याने बोलत. तरीही पक्षी आले, कारण त्यांना दुसरीकडे जागाच नव्हती. येऊन झोपले.

सर वैतागले. "झोपलेले पक्षी कोण बघणार? उडताना हवेत."

त्यांनी टाळ्या वाजवल्या. पक्षी थोडे सरकले, एवढेच. मग त्यांनी बाईंच्या शेजारी टेकवलेल्या मला उचलले, पाय मिटले आणि माझ्याच पायांनी पाणी बडवायला सुरुवात केली.

मित्रांनो, न हलण्यासाठी माझा जन्म झाला होता. त्या सकाळी मी दांडके झालो. चारशे पक्षी किंचाळत उठले, कॅमेरे कडकडले. पक्षी चकरा मारून दमून पुन्हा बसले. सरांनी पुन्हा बडवले. असे पाच वेळा. पाचव्यानंतर थवा समुद्राकडे गेला तो परतलाच नाही. एकच पाणटिवळा मागे राहिला, चोच उघडी टाकून बांधावर बसलेला. त्याच्यात उठायचे बळ नव्हते.

बाईंनी सरांच्या हातातून मला काढून घेतले. मुकादम धावत आला. "बाई, मी जागा तुम्हाला सांगितली होती," एवढेच तो म्हणाला. ते ऐकून बाईंनी मान खाली घातली.

महिन्याभराने क्लबच्या प्रदर्शनात सरांच्या उडत्या थव्याला पहिले बक्षीस मिळाले. जागा शोधल्याबद्दल बाईंचाही सत्कार होता, म्हणून त्यांना मंचावर बोलावले. त्या मला सोबत घेऊन गेल्या. लोकांना वाटले, बाई गमतीने आणताहेत.

"फोटो सुंदर आहे," बाई म्हणाल्या. "पण हे पक्षी उडाले नाहीत, त्यांना पाच वेळा उडवलं. या लाकडानं पाणी बडवून. हजारो मैल उडून आलेल्या जिवांना दोन तास टेकायला जागा होती, ती आपण मोडली. जागा मीच सांगितली होती. म्हणून हा सत्कार मला नको."

सर म्हणाले, "एवढं काय त्यात? पक्षी उडायचेच." काही जण हसलेसुद्धा. बक्षीस परत घेतले गेले नाही. मात्र तिघांनी त्याच दिवशी क्लब सोडला आणि ते मुकादमाच्या मदतीला गेले. त्यांनी तिसऱ्या बांधाची वाट काटेरी फांद्यांनी बंद केली.

पुढच्या हिवाळ्यात त्या बांधावर एकही पक्षी बसला नाही. बाईंनी पुन्हा वेळापत्रक मांडले, पुन्हा चिखल तुडवला. दोन हिवाळ्यांनी एका लांबच्या बांधावर त्यांना थवा दिसला. सत्तर पक्षी. चारशेंचे सत्तर.

ही बातमी सरांच्या कानावर गेली. ते चष्म्याचा नंबर तपासायला म्हणून दुकानात आले. बाईंनी नीट तपासून दिला. जाताना सरांनी हळूच विचारले, "नवी जागा कुठली हो?"

"चष्मा गुरुवारी मिळेल," बाई म्हणाल्या. "जागा मिळणार नाही."

मित्रांनो, माझे पाय आता किरकिरतात, लोखंडी टोकांना मिठाचा गंज चढला आहे. मला तेल नाही लावले तरी चालेल. पण भरतीच्या वेळी बांधावर कोणी एका पायावर झोपलेले दिसले, तर लांबच थांबा, खाली बसा आणि पाणी उतरेपर्यंत अजिबात हलू नका. मी लाकडाचा असून मला ते जमते, तुम्हाला का जमू नये?