बरोबर आलेला आकडा

माझा थोरला खोटं बोलत नाही. तो अर्धं बोलतो, आणि ते खोट्याहून वाईट. एक गोष्ट मला सांगेल, वर म्हणेल, "हिला बोलू नकोस हं, आई." दुसरी बायकोला सांगेल, "आईच्या कानावर घालू नकोस." मग आम्ही सासू-सुना आपापला तुकडा पोटात ठेवून एकमेकींसमोर शहाण्या होऊन बसतो.

त्याची बेकरी आहे. आठवडाभर त्याच्या पोटात आग पडत होती, उलट्या थांबत नव्हत्या. भट्टीजवळच्या डब्यातला खायचा सोडा मूठभर घ्यायचा, पाण्यात ढवळायचा, गटागटा प्यायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. पण शपथ घातलेली, म्हणून तोंड शिवून बसले.

आज सकाळी तो पिठाच्या पोत्यांवर कोसळला. मी आणि सुनेनं त्याला दवाखान्यात आणलं, तिथं मनगटातून रक्त घेतलं. शिकाऊ डॉक्टर कागद नाचवत आला.

"आजी, घाबरू नका. साखर वाढलीय, पण रक्तातल्या आम्लाचा आकडा अगदी बरोबर आलाय."

थोरला डोळे न उघडताच बोलला, "बघ. घरी चला. पाव जळतील."

"तू जळतोयस, त्याचं बघ आधी," मी म्हटलं. त्याच्या श्वासाला नासक्या फळाचा वास येत होता. गोड, नकोसा.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वरपासून वाचला.

"बरोबर आलाय, हेच बरोबर नाही. इतक्या उलट्यांतून आम्ल बाहेर पडलं, तर रक्तातलं उतरायला हवं होतं. उतरलं नाही, म्हणजे आत नवीन तयार होतंय. दोघांनी दोन्ही बाजूंनी दार रेटलं की दार हलत नाही. एकाचा हात सुटला की मात्र… यांनी काय घेतलं? काय सोडलं?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. शपथ मोडली तर पोराला काहीतरी होईल, ही धास्ती. आणि होत तर समोरच होतं.

"सोडा पितो," मी म्हटलं. "मूठमूठ."

सुनेला रडूच फुटलं. "इन्सुलिन बंद केलंय यांनी. सुई घेतली की भट्टीपुढे चक्कर येते म्हणाले. आई, मला शपथ घातली होती हो!"

"मलाही घातलीय, बये. नाक पूस."

डॉक्टरीणबाई परिचारिकेला भराभर सांगू लागल्या, मग आमच्याकडे वळल्या. "इन्सुलिन नाही म्हणून आम्ल साचलं. उलट्यांनी आणि सोड्यानं ते झाकलं. या ओढाताणीत पोटॅशियम तळाला गेलंय. आत्ताच इन्सुलिन दिलं तर ते आणखी उतरेल आणि हृदय थांबू शकतं. फार उशीर केला तर आम्ल चढेल. आधी सलाईनमधून पोटॅशियम. मग बघू."

मग बघू! हे दोन शब्द डॉक्टरांच्या तोंडून कुणी ऐकू नयेत.

बाटली थेंब थेंब गळत होती. हृदयाच्या यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ मधेच ठेचकाळायची, पुन्हा चालू लागायची. थोरल्यानं डोळे किलकिले केले, बायकोचा हात चाचपला आणि पुटपुटला, "आईला जरा बाहेर पाठव. तुला एक सांगायचंय."

मी खुर्ची ओढून त्याच्या उशाशीच बसले.

"मी कुठेही जात नाही. बेकरीच्या किल्ल्या आजपासून हिच्याकडे. तू वाचलास तरी, आणि नाही वाचलास तरी. बोल आता, काय बोलायचंय ते."