कडक पोलादाची सुरी

तांदील गावात आम्ही सुऱ्या करतो. हिलारियो पातं घडवतो, मी मुठी बसवतो. माणसांची खातेवही मांडली तर हिलारियोच्या जमेला हात आणि नावे जीभ.

फेर्मीनकाकांना न गंजणारी सुरी हवी होती. त्यांचा हात थरथरतो, पातं पुसणं जमत नाही. हिलारियोपुढे स्टेनलेसच्या दोन पट्ट्या होत्या. एक नरम, दर पंधरवड्याला धार मागणारी. दुसरी कडक.

“नरमच घे,” मी म्हटलं. “काका सुरी हाडावर आपटतात.”

“तू मुठी बसव रे. वर्षभर धार जाणार नाही अशी देतो!”

त्याने कडकच घेतली. वर ती आणखी कडक राहावी म्हणून पात्याचा ठिसूळपणा घालवणारा भट्टीतला शेवटचा शेकही आखडता दिला.

सुरी काकांकडे गेली. रविवारी दुपारी त्याच पट्टीचं दुसरं पातं माझ्या हातून फरशीवर पडलं आणि काचेसारखं तुटलं. हिलारियोने हातोडा टाकला.

“काका आत्ता जेवायला बसले असतील.”

आम्ही पळत सुटलो. आमच्याकडे भाजलेलं मांस दातांत धरायचं आणि ओठांशी सुरी वर ओढून घास तोडायचा. काकांचं तेच चाललं होतं. थरथरता हात, नाकाखाली पातं. ओरडावं तर हात दचकणार. घास तुटेपर्यंत आम्ही जागीच थांबलो.

“काका, सुरी द्या जरा,” हिलारियो म्हणाला.

बाकावर जेवणाऱ्या सगळ्यांनी माना वळवल्या. इथे दुसऱ्याची सुरी मागणं म्हणजे भांडण काढणं.

“का रे? तुझी हरवलीस?”

“माझं चुकलं. पोलाद चुकीचं निवडलं. ते तुटतं.”

हिलारियोला इतक्या थोडक्यात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकांनी पातं उन्हात धरलं. धारेत तांदळाच्या कणीएवढी खाच.

“तुकडा कुठाय?”

“गिळू नका!” मी किंचाळलो.

पोलाद पारखायचं लोहचुंबक हिलारियोच्या खिशात कायम असतं. ते त्याने मांस कापायच्या फळीवर फिरवलं, हाडांवर, पावावर. काही नाही. काकांचा घास गालातच थांबला होता. त्यांनी तो तळहातावर काढला. त्यातही नाही.

“तोंडापाशी बघ,” म्हणत त्यांनी डोळे मिटले.

चुंबक ओठांजवळ गेलं. टक्. पांढऱ्या मिशीच्या झुबक्यातून कण निघून चिकटला.

कोणी हसलं नाही.

“बायको चाळीस वर्षं मागे लागलीय, मिशी काढा म्हणून,” काका म्हणाले, पण आवाज हातापेक्षा जास्त कापत होता. “त्या नरम पट्टीची कर. अन् धार लावायला दर पंधरवड्याला तूच यायचं.”