पुलावरचा विसावा

"मॅडम, पूल लई अरुंद आहे. गाडी घासंल," शववाहिकेचा ड्रायव्हर फाट्यावर थांबून म्हणाला.

"मग नव्या रस्त्यानं घ्या." मागे अण्णा होते. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती.

खडकवासल्याच्या पाण्यामागे आमची वाडी. दहा-बारा घरं आणि त्या सगळ्यांहून जुना दगडी पूल. तो पाडायला माणसं आली, तेव्हा अण्णा मधोमध फतकल मारून बसले होते. शेवटी सरकारनं नवा रस्ता लांबून काढला. आजारपणात मी त्यांना पुण्यात, विश्रांतवाडीला माझ्याकडे नेलं आणि आज अशी परत आणत होते.

वाडीत गाडी थांबली. दारांना कड्या. ऊन तापलेलं, गोठ्यात एक म्हैस तेवढी रवंथ करत होती. आमच्या ओट्यावर शेजारच्या म्हाताऱ्या दुर्गाबाई बसलेल्या. त्यांचे गुडघे कधीच गेलेत.

"बरीच कामं दिसतायत लोकांना," मी म्हणाले. "अण्णांसाठी एकालाही सवड झाली नाही."

दुर्गाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं.

"कामातच हायत, बाई. तुज्या बापाला आणाया पुलावर गेल्यात. सकाळधरनं."

मी पुलाच्या दिशेनं पाहिलं.

"वाडीचं माणूस पुलावरनं येतं. नवरी असू दे, न्हाय तर मयत. मधल्या दगडावर इसावा घेतल्याबिगर उंबऱ्याला आणत न्हाईत. इसरलीस व्हय?"

विसरले नव्हते. नवा रस्ता झाल्यावर कोण पाळतंय, असं मीच ठरवलं होतं.

"जा, फिरवून आण त्याला," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनं गाडी वळवली. आम्ही आल्या वाटेनं लांबून पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेलो.

सगळी वाडी तिथं होती. तिरडी बांधून तयार. पुरुषांच्या खांद्यांवर दुमडलेले पंचे. बायका कठड्याच्या वीतभर सावलीत दाटीनं उभ्या. पुढं रणजितदादा, अण्णांचा पुतण्या, तापल्या दगडांवर अनवाणी.

"उशीर झाला," मी म्हणाले. "पुण्यात ट्रॅफिक फार होतं."

दादांनी अण्णांना गाडीतून उतरवून घेतलं, तिरडीवर ठेवलं, चादर सारखी केली. मग हळूच, मला एकटीला ऐकू येईल असं म्हणाले,

"गाडी दिसली हुती गं आमाला, नव्या रस्त्यानं वाडीत जाताना. म्हटलं, येईल फिरून."

आणि मोठ्यानं, "उचला रं. सावकाश."

मी मान खाली घालून मागून चालू लागले. मधल्या दगडावर तिरडी टेकली. अण्णांनी विसावा घेतला. मला मान वर करता आली नाही.