गादी माझी, तोरा तिचा

मित्रांनो, मी एक जुनी, खोल बैठकीची, गादीची खुर्ची आहे. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव जळका आहे. आपली कहाणी सांगताना लोक चांगले तेवढेच सांगतात. मला ते जमत नाही. जिच्यामुळे माझ्या अंगाचा तिळपापड होतो ती वेताची खुर्ची आत्ता याच खोलीत, खिडकीपाशी बसली आहे. तिला सगळे ऐकू जात असेल. ऐकू दे.

माझा सांगाडा एका सुताराने जड लाकडाचा केला. मग मी गादीवाल्याकडे गेले. तो ओठांत बारीक खिळे धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा. त्याने माझ्या पोटात स्प्रिंगा बसवल्या, वर तपकिरी कापडाची सुटी, जाडजूड गादी ठेवली आणि स्वतःच एकदा बसून पाहिले. "झकास!" असे म्हणून तो उठला. ते माझे पहिले कौतुक, आणि ते मी अजून जपून ठेवले आहे.

मला विकत घेतले तात्यांनी. त्यांचे सलून होते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे आणि आपण मागे उभे राहायचे, यातच त्यांची उमर गेली. सलून बंद केले त्या आठवड्यात ते मला घरी घेऊन आले आणि धपकन बसले. "आजवर दुसऱ्यांना बसवलं, आता मी बसणार!" असे त्यांनी घरभर ओरडून सांगितले. मित्रांनो, त्या दिवसापासून मी तात्यांना माझेच मानत आले आहे.

घरात माणसे तीन. तात्या, त्यांचा मुलगा आणि सून. मुलगा बस चालवतो. सून कापडाच्या एका मोठ्या दुकानात काचेमागची मांडणी करते. तिथे पुतळे तेच, पेट्या त्याच, वाळक्या फांद्याही त्याच. पण दर ऋतूला काच नवी दिसली पाहिजे, असा मालकाचा हुकूम. नवे काही आणायचे नाही, हेही त्याच हुकमात. ही विद्या तिने घरीही आणली. ऋतू पालटला की ती हॉलमधली झाडून सगळी चीजवस्तू दाराबाहेर, जिन्यापाशी काढायला लावते. मग रिकाम्या खोलीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहते, आणि तिला सुचेल तसे एकेकाला आत बोलावते. नवरा हमालासारखा वाहून आणतो. जे बोलावले जात नाही ते संध्याकाळी कोणा गरजवंताच्या घरी जाते.

आम्ही सगळे तिथे ताटकळत उभे असतो. शेजारीण आम्हाला ओलांडून जाताना दर वेळी विचारते, "घर सोडताय की काय?" कोणाचे नाव आधी येते याकडे प्रत्येकाचे कान लागलेले असतात. उंच दांड्याचा दिवा आत गेला की टीपॉयचे तोंड उतरते. माझेही उतरते, पण माझी गोष्ट वेगळी होती. थंडीत खिडकीपाशी मी आणि उन्हाळ्यात वेताची, हे ठरलेलेच होते.

उन्हाळा मी आतल्या खोलीत काढायची. मांडीवर इस्त्रीचे कपडे, आणि बाहेरून त्या सटवीची कुईकुई. तात्या पाहुण्यांना सांगायचे, "वेतात हवा कशी खेळते बघा!" ते शब्द माझ्या काळजाला घरे पाडायचे. माझ्यात हवा खेळत नाही, कबूल. पण मी ऊब देते, ते कोणी पाहुण्यांना सांगितले होते का?

यंदा मात्र एक नवल घडले. उकाडा सरत आला होता. एका दुपारी तात्या आपण होऊन आतल्या खोलीत आले, इस्त्रीचे कपडे बाजूला ठेवले आणि माझ्यात बसले. दुपार उलटली, ऊन भिंतीवरून उतरले, तरी ते उठले नाहीत. माझे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले होते. मधूनच थोडे पुढे झुकायचे आणि पुन्हा मागे टेकायचे. मला वाटले, काय ही माया! बाहेर ती रिकामी बसली आहे, या विचाराने मी इतकी सुखावले की काही विचारू नका. मुलगा कामावरून आला तेव्हा कुठे त्याचा हात धरून तात्या उठले.

मग गारवा आला आणि हॉल रिकामा झाला. आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो. सुनेने आतून हाक दिली, "गालिचा! उलटा करून आण, मागचा रंग गडद आहे." मग झोपायच्या खोलीतली जाड चादर पडदा होऊन गेली. काचेची बरणी वाळके गवत घेऊन गेली. पुस्तकांचे कपाट भिंत बदलून बसले. आता माझीच पाळी, म्हणून मी सावरून उभी राहिले.

"वेताची खुर्ची!" सून म्हणाली. "खिडकीपाशी."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती मात्र माझ्या अंगाला अंग घासून, तोऱ्यात आत गेली.

"अगं, थंडी आलीय. गादीची न्यायची ना?" मुलाने विचारले.

सून दारात आली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्या दुपारचं विसरलास? तात्या तिच्यात अडकून बसले होते. उठताच येईना. आणि लाजेपायी कोणाला हाकही मारली नाही त्यांनी."

मित्रांनो, मी लाकडाची आहे म्हणून उभी राहिले. जिला मी माया समजत होते ती त्यांची धडपड होती. माझ्या हातांवरची ती पकड सुटण्यासाठी होती, आणि मी मनात त्या दुसरीला वेडावत होते.

तात्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी सगळे ऐकले होते. "वेतावर अंग गारठेल, गारठू दे," ते म्हणाले. "मला माझं मी उठता आलं पाहिजे. बाकी काही नको."

"मग हिला देऊन टाकू या?" मुलाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

सून माझ्या गादीकडे बघत होती. बुटका पुतळा काचेमागे उंच करायचा असला की ती त्याच्या पायाखाली काहीतरी सरकवते, तसे तिच्या डोक्यात काहीतरी शिजत होते. ती वाकली आणि तिने माझी गादी उचलली. माझी गादी! ती नेऊन तिने वेताच्या मांडीवर ठेवली. कडेने थोडी बाहेर आली, पण बसली.

"तात्या, आता बसा बरं."

तात्या बसले. मग हात टेकवून उठले. कोणी धरले नाही. ते पुन्हा बसले, पुन्हा उठले, आणि लहान मुलासारखे खुदकन हसले.

"अहो तात्या, पुरे. खुर्ची दमेल!" मुलगा म्हणाला.

"दमू दे. मी बसायला नाही, उठायला बसतोय!"

माझ्या स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या. गादी माझी, ऊब माझी, आणि नाव तिचे. तरीही ते उठले की माझे लाकूड हलके व्हायचे. हे दोन्ही एकाच वेळी कसे वाटते ते मला सांगता येत नाही.

मुलाने मला जिन्याकडे वळवले तसे तात्या आतून ओरडले, "तिला कुठं न्यायचं नाही! दारापर्यंत जाताना मला मध्ये धरायला काहीतरी लागतं." सुनेने माझ्या पोकळीत घडी घातलेली गोधडी ठेवली आणि मला खिडकी आणि दार यांच्या मधे, हात वाटेकडे करून उभे केले. बस चालवून आलेला मुलगा आता माझ्यात अंग टाकतो. शेजारीण म्हणाली, "नवीन फर्निचर घेतलंत वाटतं?" सून नुसती हसली.

मित्रांनो, तुम्हीही ऋतू पालटला की घर पालटा. बाजारात धावण्याआधी घरातलेच उलटेसुलटे करून पाहा. जुनी वस्तू दाराबाहेर काढलीत तर तिच्यातले काय अजून कोणाच्या कामी येईल ते बघा. आणि घरातले थकलेले माणूस बराच वेळ गप्प बसून असेल, तर ते सुखात आहे असे समजू नका. जवळ जाऊन विचारा.

मी अजूनही जळते. ती त्यांना वर उचलते हे रोज डोळ्यांनी बघते. पण दोन पावले पुढे आल्यावर तात्यांचा हात हवेत चाचपडतो आणि माझ्या हातावर येऊन टेकतो. क्षणभर त्यांचा सगळा भार माझ्यावर असतो. बसा, असे माझ्या अगदी ओठांवर येते. मी बोलत नाही. मी घट्ट उभी राहते, आणि त्यांना जाऊ देते.