मध्यम बांध्याची बाई

बाबांनी काउंटरवरचा माईक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढला. काउंटरमागच्या माणसाने तो तितक्याच शांतपणे परत आपल्याकडे ओढून घेतला.

"साहेब, बोलायचं काम माझं. तुम्ही फक्त सांगत जा. नाव?"

बाबांनी आईचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, वय सांगितलं.

"कपडे?"

"निळा ड्रेस," चिंगी मध्येच म्हणाली. "पांढरे कॅनव्हासचे बूट. लवकर करा ना हो काका, तिला दमा आहे. पंप माझ्याकडे राहिलाय तिचा."

तिने मूठ उघडून पंप दाखवला. तळहातावर त्याच्या कडेचा लाल वळ उठला होता. आईची पर्स तिच्याच खांद्याला होती आणि पर्समध्ये आईचा फोन, रुमाल, गोळ्यांची अर्धी पट्टी. म्हणजे आईजवळ आई सोडून काहीच नव्हतं.

"बांधा?" माईकवाल्याने विचारलं.

बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. हातभर फळीवर लांबलचक नाव कसं बसवायचं हे त्यांना डोळे मिटून कळायचं. आता एकच शब्द बसवायचा होता आणि तो कुठून सुरू करावा हेच त्यांना कळत नव्हतं.

"म्हणजे बारीक, मध्यम, काय ते," माईकवाला म्हणाला.

"मध्यम," बाबा म्हणाले.

चिंगीने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

छतावरचे भोंगे खरखरले. इतका वेळ ज्या लाडिक आवाजात सोफ्यांवरची सूट सांगितली जात होती, त्याच आवाजात प्रदर्शनाच्या चारही शेडमध्ये आईचं नाव घुमलं. "निळा ड्रेस, मध्यम बांधा. कुणाला आढळल्यास चौकशी कक्षाशी संपर्क साधावा. आणि विसरू नका मंडळी, तीन नंबरच्या शेडमध्ये गाद्यांवर..."

"गाद्या गेल्या खड्ड्यात!" असं ओरडून चिंगी पळत सुटली. मागून बाबा.

ते इथे आले होते आईच्या पाळणाघरासाठी बुटक्या खुर्च्या घ्यायला. आत पाऊल टाकलं आणि ताज्या पॉलिशचा वास नाकात गेला. आईला खोकला सुरू झाला. पंपाचे दोन झटके मारून झाले, "बरंय गं, काही नाही" म्हणून झालं. मग पर्स चिंगीकडे देऊन आई एका वेताच्या खुर्चीकडे वळली. बसायलाही नाही, नुसती टेकायला.

"ताई, ताई, ती नको!" विक्रेता धावत आला होता. "ती डिस्प्लेची आहे. तुम्ही आपल्या त्या लोखंडीवर बसा. ती काय, काहीही सोसेल."

आजूबाजूची तीन-चार माणसं हसली. आईही हसली. चिंगीला ते हसू चांगलंच ओळखीचं होतं. दुसऱ्याने हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, म्हणजे मग त्याच्या हसण्यात काही दम उरत नाही. ती स्वतः दोन वर्षं शाळेत तेच करत होती. यंदा सोडलं होतं.

"आलेच, तोंडावर पाणी मारून," आई म्हणाली आणि गर्दीत शिरली. ती गेली ती गेलीच.

आता बाबा एका बाजूच्या रांगा बघत होते, चिंगी दुसऱ्या. बायकांच्या बाथरूममध्ये ती चक्क ओणवी झाली आणि दारांखालून बूट बघत गेली. काळे, तपकिरी, उंच टाचांचे. पांढरे नव्हते. आई दमा उसळला की चारचौघांत थांबत नाही, हे तिला ठाऊक होतं. भिंतीकडे तोंड करून कुठेतरी कोपऱ्यात उभी राहते. जाड बाईला धाप लागली की लोक कशा नजरेने बघतात, ते आईला नको असायचं. एकदा अशीच जिन्याखाली जाऊन उभी राहिली होती आणि ओठ जांभळे होईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता.

बाहेर आली तर समोर बाबा. त्यांनी एका भल्याथोरल्या कपाटाचं दार उघडून आत पाहिलं. मग आपण काय केलं ते लक्षात आल्यावर दार हलकेच लावून टाकलं.

"तिकडे?"

"नाही. इकडे?"

"नाही."

पाण्याच्या नळापाशी एक वॉचमन उभा होता. चिंगीने त्याला गाठलं. निळा ड्रेस, पांढरे बूट, दमा. शब्द एकमेकांवर आपटत बाहेर पडले.

"निळ्या ड्रेसवाल्या एक बाई होत्या की मघाशी," वॉचमन म्हणाला. "इथेच. धापा टाकत होत्या. मी म्हटलं, बसा जरा. तर हातानंच नको म्हणाल्या आणि गेल्या."

"अहो, मग सांगितलं का नाहीत? भोंग्यावरून ओरडतायत ते ऐकलं नाहीत का?"

"ऐकलं ना. मध्यम बांधा म्हणाले. आणि त्या बाई काही..." त्याची नजर चिंगीवरून गेली आणि घाईघाईने छताला जाऊन चिकटली. "म्हणजे जरा हेल्दी होत्या."

"जाड होत्या?"

"मी कुठे तसं म्हटलं? खात्यापित्या घरच्या वाटल्या. मला वाटलं, अंगामुळे लागला असेल दम. म्हणून सोडून दिलं मी."

"कुठल्या बाजूला गेल्या?"

"मागे कुठेतरी. या गर्दीत काय समजतं, बाळा."

चिंगी वळली. बाबा मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मध्यम, बाबा? मध्यम?"

"मग काय सांगायला हवं होतं मी?" बाबांचा आवाज फाटला. "चार शेडमध्ये भोंग्यावरून? मघाशी हसले तेवढं कमी झालं का? आपल्या घरात आपण कधी..."

"हे आपलं घर नाहीये, बाबा!"

आपल्या घरात आपण कधी. तो बाबांचाच नियम होता. चिंगीला वर्गात 'भोपळा' म्हणायला लागले आणि तिने रात्रीचं जेवण सोडलं, तेव्हा त्यांनी तो केला होता. या घरात कुणी कुणाच्या अंगावरून अवाक्षर काढायचं नाही. आत्या जेवायला आली होती. भावजयीकडे बघून "अगं, दारं रुंद करून घ्या आता" एवढंच म्हणाली, तर बाबांनी सख्ख्या बहिणीला भरल्या ताटावरून उठवलं. आत्या अजून बोलत नाही. चिंगीला तेव्हा बाबा केवढे मोठे वाटले होते! शब्दच नको म्हणजे लागायलाही नको. घर कसं शांत झालं होतं. इतकं शांत, की आई कशी दिसते हे सांगायला त्या घरात आज एक शब्द शिल्लक नव्हता.

ती चौकशी कक्षाकडे धावत सुटली. डोक्यात शब्दच शब्द. ढोली, रणगाडा, गोदाम, हे वर्गातले. भरलेली, गुटगुटीत, अंगानं बरी, हे मावश्यांचे. एकीकडचे सगळे दगड आणि दुसरीकडची सगळी पांघरुणं. दगडाने आई पळून जाईल आणि पांघरुणाखाली ती कुणाला दिसायचीच नाही.

"काका, परत सांगा. मध्यम नाही. जाड."

माईकवाल्याने तोंडातली खोकल्याची गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "असं नाही गं म्हणता येत माईकवर. बायका भांडायला येतात. सुदृढ म्हणतो."

"सुदृढ म्हटलंत तर लोक पहिलवान शोधतील!"

"मग स्थूल?"

"काका, ती मरेल!"

माईककडे गेलेला त्याचा हात थांबला. चिंगी काउंटरला वळसा घालून आत शिरली, त्याच्या शेजारच्या स्टुलावर चढली आणि माईक हातात घेतला. या खेपेला त्याने तो ओढला नाही.

"ऐका," ती म्हणाली. भोंग्यांतून तिचाच आवाज तिच्या अंगावर आला. तिने आईचं नाव सांगितलं. "ही माझी आई आहे. मघाशी मध्यम सांगितलं ते चूक होतं. माझी आई जाड आहे. माझ्यासारखी, माझ्याहून मोठी. मी चौकशी कक्षात स्टुलावर उभी आहे. जवळ असाल तर माझ्याकडे बघा, नीट बघा, आणि अशी बाई शोधा." तिने घसा जोरात खाकरून मोकळा केला, तेही चारही शेडनी ऐकलं. "ऐसपैस आहे ती. तिच्या मांडीवर एका वेळी तीन पोरं झोपतात आणि चौथं रांगेत असतं. दंड मोठे आहेत. गाल मोठे आहेत. ती धापा टाकत असेल. जाड आहे म्हणून नाही टाकत. तिला दमा आहे. दमली असेल म्हणून सोडून जाऊ नका कुणी, प्लीज. आई, बोलता येत नसेल तर काहीतरी वाजव. कशावरही मार. मी येते."

माईक खाली आला. चौकशी कक्षासमोर माणसं थांबली होती आणि वर बघत होती. चिंगीने टी-शर्ट खाली ओढला नाही. पोटासमोर पर्सही धरली नाही. बघू देत. जितकं नीट बघतील तितकं बरं. गर्दीत बाबा होते. तेही बघत होते, फळी किती रुंद आहे ते अंदाजताना बघायचे तसे, डोळे बारीक करून.

काहीच झालं नाही.

पॉलिशचा वास तसाच, माणसांचा गलका तसाच. कुणाचं तरी पोर रडत होतं. पुन्हा सांगावं का? आणखी काय सांगावं? सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं.

मग लांबून पत्र्याचा आवाज आला. धप्. बराच वेळ काही नाही. पुन्हा धप्.

"चार नंबर! मागची बाजू!" कुणी हमाल ओरडला.

चार नंबरच्या शेडमागे रिकाम्या खोक्यांची थप्पी होती. थप्पी आणि पत्र्याची भिंत यांच्यामधल्या सांदीत आई जमिनीवर बसली होती. पाठ पत्र्याला, मान खाली, ओठांचा रंग गेलेला. ती पत्र्यावर हात मारत होती. माणसं आली तरी मारतच होती.

"आई, हात थांबव. आले मी. तोंड उघड. सोड श्वास, सगळा सोड. आता ओढ."

पहिला झटका फुकट गेला. दुसराही अर्धाच आत गेला. बाबा गुडघ्यांवर बसून आईची मान धरून होते आणि पुटपुटत होते, "ओढ ना गं, ओढ, ओढ." तिसऱ्या झटक्याला आईच्या छातीत शिट्टी वाजली. इतका घाणेरडा आवाज चिंगीने कधी ऐकला नव्हता आणि इतका हवाहवासाही कधी ऐकला नव्हता.

"चौघं या रे," हमाल म्हणाला. "बाई मोठी आहे, हळू धरा. दोघं पाठीकडून." कुणी हसलं नाही. कपाटं न्यायच्या ढकलगाडीवर सतरंजी टाकून त्यांनी आईला बसवलं आणि वाट मोकळी करायला ओरडत प्रथमोपचाराच्या खोलीपर्यंत पळवत नेलं.

नर्सने ऑक्सिजनचा मास्क लावला, नाडी पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. चिमट्याकडे बघून म्हणाली, "आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं." मग बाबांचा चेहरा बघून म्हणाली, "आता ठीक आहे. ॲम्ब्युलन्स येतेच आहे. बोलू नका देऊ त्यांना."

आईने अर्थात बोलण्यासाठी मास्क लगेच वर सरकवला.

"तू बोलत होतीस ना गं?"

"हो."

"किती मोठ्यानं!"

"राग आला?"

आईने मान हलवली. नाही अशी. मग जरा दम खाऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ऐकलं आणि कळलं. अरे, ही तर मीच. मला शोधतायत."

बाबा तिच्या पायांशी बसले होते. तिच्या बुटाच्या नाडीला बसलेली गाठ ते मघापासून नखाने सोडवत होते.

"त्याच्याआधी एकदा सांगत होते," आई म्हणाली. "दुसरीच कुणीतरी. नाव माझंच. ड्रेससुद्धा निळा. पण मध्यम बांध्याची." मास्क खाली आला, त्याच्या आत वाफ धरली, मास्क पुन्हा वर गेला. "म्हटलं, बिचारी. घरचे किती घाबरले असतील तिच्या. सापडली का हो ती?"

चिंगीने बाबांकडे पाहिलं. नाडीवरची बोटं थांबली होती.

"नाही," बाबा म्हणाले. मान त्यांनी वर केली नाही. "तशी कुणी नव्हतीच."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने मास्क पुन्हा तोंडावर ओढून घेतला.